तुझ्या बिल्डिंगसमोरचा स्टॉप

७ फेब्रुवारी

ताई,

तर मुद्दा असा की म्युझियम सोमवारी बंद असतं. आणि फोनवर मी तुला सोमवारच सांगितला होता, म्हणजे तो सगळा प्लॅन आता रद्द समज. नवीन प्लॅन ऐक. एप्रिलमधल्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी उतरणार, सामान हॉटेलात टाकणार आणि तडक नदीवर. शनिवारी टॉवर आणि जुना बाजार. रविवारी म्युझियम. सोमवारी सकाळी हाताला लागेल ते, आणि दुपारी परत. एवढ्याशा वेळात तुमचं शहर बघायचं म्हणजे हत्तीची शेपटी धरून यायची आणि गावभर सांगायचं, हत्ती पाहिला. पण माझ्यासाठी पहिल्यांदा परदेश म्हणजे शेपटीसुद्धा खूप आहे.

तू म्हणशील मेसेज करायचा ना, पत्र कसलं? मेसेजला तू अंगठा दाखवतेस. फोनवर "हं" म्हणतेस आणि विषय संपतो. पत्राला "हं" म्हणता येत नाही, म्हणून पत्र. आणि मराठीतून, कारण इंग्लिशमधून लिहायला बसले की मी ऑफिसात असल्यासारखी वागायला लागते. शेवटी आपल्याच बहिणीला "काइंड रिगार्ड्स" लिहिते. माझ्या चुका काढू नकोस. बोलते तसं लिहितेय.

ऑफिसात सुट्टी मंजूर झाली. मॅडमनी आधी डोळे मोठे केले, मग विचारलं कुठे, मग स्वतःच खुर्ची ओढून बसल्या आणि कुठला पूल कुठल्या बाजूने बघायचा ते सांगायला लागल्या. आमच्याकडे सध्या एका हॉस्पिटलचं मॉडेल चालू आहे. मी दिवसभर पुठ्ठ्याच्या खिडक्या कापते. बोटभर उंचीची माणसं चिकटवायचं कामही माझ्याकडेच असतं. काल मी एक माणूस बॅग घेतलेला केला आणि गेटजवळ उभा केला. मॅडम म्हणाल्या, "हॉस्पिटलमध्ये बॅग घेऊन कोण हिंडतंय?" मी म्हटलं, "फिरायला आलाय." त्यांनी तो उचलून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, एप्रिलपर्यंत इथेच थांबू दे त्याला.

बरोबर एक मैत्रीण येतेय. तू ओळखत नाहीस. शांत आहे, तिचा कोणाला त्रास नाही. आम्ही हॉटेलातच राहू, तुझी धावपळ नको. तुला जमलं तर कुठेतरी कॉफी पिऊ. लाँड्रीच्या वर जिथे तू राहतेस ती खिडकी मला फोटोत पाठ झालीय, ती खरी बघायची आहे. पण ते तुझ्यावर.

आई बरी आहे. गुडघा आहे तसा आहे.

तुझी,
टकली (केस येऊन पंधरा वर्षं झाली, पण तू दुसरं नाव ठेवलंच नाहीस)


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझा मेसेज आला. "मैत्रीण कोण? नाव सांग." एवढाच. पूर्वी मी गृहपाठ झाला म्हणायचे तेव्हा तू अशीच "वही दाखव" म्हणायचीस.

मैत्रीण म्हणजे बाबा.

आता लगेच फोन बाजूला टाकू नकोस, म्हणजे हे पत्र. पूर्ण वाच.

मी त्यांना विचारलंच नव्हतं. रविवारी आई आणि मी वाटाणे सोलत बसलो होतो आणि मी तिला हॉटेलचे फोटो दाखवत होते. बाबा गॅलरीत स्टुलावर. ड्रायव्हरकीतून रिटायर झाल्यापासून ते तिथेच बसतात, खालचं ट्रॅफिक बघत. कोण चुकीचं वळलं, कोणी इंडिकेटर दिला नाही, अशी सगळी रनिंग कॉमेंट्री. मधेच तोंड न वळवता म्हणाले, "एकटी कशाला जातेस? मी येतो." वाटाणा आईच्या हातातून टुणकन उडाला तो थेट फ्रिजखाली. तिने पुढची शेंग सोलायला घेतली. मीही. बाबा पुन्हा खाली बघायला लागले, जणू पुढच्या चौकापर्यंत चाललेत.

मी आईला आत नेऊन म्हटलं, तूही चल ना. ती म्हणाली, "मी आले की मीच बोलत बसेन. तुझ्या बाबांचं तिला, तिचं त्यांना. सहा वर्षं तेच करतेय. माझा घसा दुखायला लागलाय आता." गुडघ्याचं कारण तिने दिलंच नाही, ते मी जगाला सांगते.

तर सध्या घरात हे चाललंय. पासपोर्टच्या फोटोत बाबा असे दिसतात की कोणीतरी त्यांच्या बसला मागून ठोकलंय. विमानाबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला, पायलटची ड्युटी मधेच बदलते का. आणि ती उघड्या टपाची टूरिस्ट बस असते ना, तिची तिकिटं मी काढणार होते, तर साफ नाही म्हणाले. टपावर बसून माकडासारखं मिरवायचं नाही. शहर बघायचं तर लोक कामाला जातात त्या बसने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं गंमत करतायत. पण रोज सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर तुमच्या शहराचे रस्ते उघडून बसतात. ते रस्त्यावरून चालत गेल्यासारखे फोटो दिसतात ना, तो प्रकार मी त्यांना एकदा शिकवला, आता मला कॉम्प्युटर मिळत नाही. चष्मा कपाळावर, पाय खाली दाबलेले. एकदा सिग्नल लाल दिसला तर उजवा पाय खरोखर ब्रेकसारखा दाबला. मी पाहिलं.

आणि व्हिसाच्या ऑफिसात काय झालं ते तुला सांगायलाच हवं. मी त्यांना पढवून नेलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं, जास्त नाही. काचेमागच्या बाईंनी सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, तिथे तुमचं कोणी आहे का? मीच उत्तर द्यायला काचेकडे वाकले. कारण "नाही" म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं, ते एक. आणि मला ते ऐकावं लागलं असतं, ते दुसरं.

"मोठी मुलगी असते," बाबा म्हणाले.

"मग तिच्याकडे उतरणार?"

"नाही. हॉटेलात. आम्ही फिरायला चाललोय."

बाईंनी मान वर करून एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि अर्जावर शिक्का मारला. बाहेर आल्यावर बाबांनी पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि म्हणाले, या लोकांची लाइन नीट चालते, एक खिडकी, एक माणूस. बस. एवढंच.

तुझी,
टकली


१० मार्च

ताई,

तुझ्याकडून इतका मोठा मेसेज सहा वर्षांत आला नव्हता. मी तो ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचला. "तू ये. त्यांना आणू नकोस. ज्या माणसाने माझ्यासाठी बस थांबवली नाही त्याला मी माझं शहर दाखवणार नाही."

मी त्यांना हे सांगितलेलं नाही. तिकिटं निघालीत. पण तुझा राग मी हसण्यावारी नेत नाही, खरंच.

त्या सकाळी मी शाळेत होते, म्हणून मला जे माहीत आहे ते आईकडून. चुकलं तर दुरुस्त कर. तू नोकरी पक्की करून, तिकीट हातात आल्यावर घरात सांगितलंस. बाबा म्हणाले, ठरवून सांगायला आलीस तर विचारतेस कशाला. मग निघेपर्यंत तुम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी आईमार्फत बोलत होतात. आणि निघायच्या सकाळी तू आईला म्हणालीस, टॅक्सी नको, मी बाबांच्या बसने जाते शेवटच्या स्टॉपपर्यंत, तिथून एअरपोर्टची बस घेईन. बाबांच्या बसने जाणं म्हणजे काय, हे आपल्या घरात कोणाला फोड करून सांगावं लागत नाही. तू माघार घेतली होतीस. आईने डोळे पुसत बाबांना डेपोत फोनही केला होता, ती येतेय म्हणून. तू मेडिकलच्या दुकानाजवळच्या स्टॉपवर दोन बॅगा घेऊन उभी राहिलीस. बस आली. बाबांनी तुझ्याकडे बघितलं. तू हात केलास. आणि बस पुढे गेली.

हे मी तुझ्या जागी असते तर मलाही गिळता आलं नसतं.

पण काल एक गोष्ट झाली. तू रागाव, पण ही ऐकून मग रागाव.

बाबांनी शनिवारचा बसचा रूट ठरवला होता, तुमच्याकडच्या उत्तर टोकावरून सुटायचं आणि नदीवर संपवायचं. माझ्या बाजाराच्या वेळेशी ते जुळवून मी कागदावर छान रंगवून ठेवलं होतं. काल संध्याकाळी घरी आले तर बाबा कॉम्प्युटरसमोर पुतळ्यासारखे. मला म्हणाले, "अगं, इथे गाड्या उजवीकडून जातात."

मी म्हटलं, बाबा, हे तुम्हाला माहीतच होतं की.

"माहीत होतं गं. डोक्याला माहीत होतं." त्यांनी हात वर करून बघितले, जणू चूक त्यांची होती. "मी सगळा रूट डावीकडून चालवला. महिनाभर."

मी म्हटलं मग काय बिघडलं, बस तीच, रस्ता तोच. तर ते स्क्रीनजवळ वाकले आणि एका स्टॉपवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "असं जाताना हा स्टॉप पलीकडे पडतो. मधे अख्खा रस्ता, समोरून येणाऱ्या गाड्या. काही दिसायचं नाही. दाराला लागून जायचं तर नदीकडून उलटं यायला हवं."

कोणाच्या दाराला, हे मी विचारणार होते. मग मी स्क्रीन बघितली. खाली लाँड्री.

ताई, त्यांनी टॉवरसाठी रूट निवडला नव्हता. म्युझियमसाठीपण नाही. आईने फ्रिजवर तुझा पत्ता लावलाय तो त्यांनी कधी वाचला देव जाणे, आम्ही कोणी त्यांना त्या फ्रिजसमोर थांबलेलं पाहिलं नाही. आता शनिवारचा सगळा प्लॅन उलटा झालाय. सकाळी नदी, मग ती बस, उजव्या खिडकीची सीट, आणि बाजार दुपारी. मी तीन रंगांत केलेलं टाइमटेबल गेलं पाण्यात.

मी विचारलं, मग तिथे उतरायचं ना?

"नाही."

"का?"

"तिने बोलावलंय का?" तुझा मेसेज माझ्या खिशात होता. मग तेच म्हणाले, "न बोलावता कोणाच्या दारात उभं राहू नये. बसमधून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. आपण फिरायला चाललोय. बघायचं आणि पुढे जायचं."

आणि मग ते मला तुमच्याकडच्या ड्रायव्हरला आरशात किती लांबपर्यंत दिसतं ते दाखवायला लागले.

मला राग पण आला त्यांचा. एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि काचेतून लाँड्री बघून यायचं. कोण करतं असं?

तुझी,
टकली


२८ मार्च

ताई,

तू मागच्या पत्राला काहीच उत्तर दिलं नाहीस, अंगठासुद्धा नाही. पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. मला एक गोष्ट कळलीय आणि ती माझ्या एकटीच्या पोटात राहत नाही.

काल कंडक्टरकाका आले होते. बाबांचे जोडीदार, ज्यांच्या मांडीवर बसून आपण तिकिटांच्या रद्दीची विमानं करायचो. आता त्यांच्या मिशा पूर्ण पांढऱ्या आहेत आणि आवाज तोच, बसच्या मागच्या सीटपर्यंत जाणारा. त्यांचा भाचा परदेशात जाऊन आला म्हणून ते स्वतःला तज्ज्ञ समजतात. तास दीड तास मला प्लग कुठला घ्यायचा ते समजावत होते. बाबा दूध आणायला खाली गेले आणि काका एकदम हळू बोलायला लागले. म्हणजे त्यांच्या मानाने हळू, शेजाऱ्यांनी ऐकलंच असणार. मोठीला भेटवणार ना बापाला, म्हणाले.

मी म्हटलं, ती नाही म्हणते. तुम्ही होतात ना त्या दिवशी गाडीवर? बाबांनी बस थांबवली नाही.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "कोण म्हणतं थांबवली नाही?"

आता नीट वाच. त्या आठवड्यात तो रस्ता पाइपसाठी खणला होता. खणलेलं तू बघितलं असशीलच. पण त्यामुळे मेडिकलजवळचा स्टॉप बंद करून पुढे, कोपऱ्यावरून वळलं की बँकेसमोर नेला होता. जुना खांब मात्र तसाच उभा, त्यावर कोणी पाटी लावली नव्हती. तू जुन्या खांबाशी उभी होतीस. तिथे बस लावायला जागाच नव्हती. बाबांनी तुला बघितलं आणि मानेने खूण केली, पुढे ये. त्या रूटवरचे सगळे रोजचे लोक ती खूण ओळखायचे. तुला ती खूण दिसली असेल, पण तुला वाटलं असेल त्यांनी नुसती मान फिरवली.

कोपऱ्यावरून वळून बस उभी राहिली, ताई. दोन्ही दारं उघडी. काका म्हणाले, "लोक ओरडायला लागले, अहो चला, अहो ड्रायव्हर झोपले का. तुझा बाप स्टेअरिंगवर हात ठेवून आरशात बघतोय. आयुष्यात त्याने गाडी लेट केली नव्हती. शेवटी मीच उतरून कोपऱ्यापर्यंत पळत गेलो. ती टॅक्सीत बसत होती, पाठ होती माझ्याकडे. मी हाक मारेपर्यंत टॅक्सी हललीसुद्धा. परत येऊन मी त्याला म्हटलं, गेली. एवढंच म्हटलं, गेली." मग काकांनी दाराकडे एक नजर टाकली. "तरी त्याने दार लगेच बंद केलं नाही."

मी काकांना म्हटलं, पण तिला माहीतच नव्हतं स्टॉप हलवलाय. ते म्हणाले, असं कसं, तुझ्या बापाने घरी सांगितलं होतं ना.

बाबा दूध घेऊन आले आणि काका पुन्हा प्लगवर गेले.

आज सकाळी बाबा गॅलरीत बुटांना पॉलिश करत होते, ट्रिपचे बूट, आत्तापासून. मी शेजारी बसले आणि म्हटलं, ताईला माहीत नव्हतं स्टॉप पुढे गेल्याचं. तिला वाटलं तुम्ही थांबलाच नाहीत.

त्यांचा ब्रश थांबला. "मी सांगितलं होतं. आदल्या रात्री. जेवताना."

आणि मला खात्री आहे, सांगितलं असणार. ते रोजच सांगायचे. अमुक पूल बंद, तमुक सिग्नल नवा, डेपोत कोणाची बदली, कुठला स्टॉप कुठे गेला. आणि आपण तिघी वरण वाढ, मीठ दे, उद्या माझी टेस्ट आहे. मी म्हटलं, "बाबा, आपल्या घरात जेवताना तुमचं ऐकायचं कोण?"

ते हसले. खरंच हसले, थोडं. मग बराच वेळ एकाच बुटावर ब्रश फिरवत राहिले. म्हणाले, "मला वाटलं तिने बघितली गाडी. एवढी मोठी गाडी कोणाला दिसत नाही? बघून पाठ फिरवली असं धरून चाललो मी. पुन्हा विषयच काढला नाही."

मी म्हटलं, मग आता तरी उतरू या तिथे. तुम्ही स्वतः सांगा तिला.

"काय सांगू? सहा वर्षांनी जाऊन स्टॉपची गोष्ट सांगू? म्हणेल, म्हातारा सबब घेऊन आलाय." त्यांनी बूट खाली ठेवला आणि मला वाटलं विषय संपला. पण मग त्यांनीच विचारलं, "तिथे बसमध्ये कंडक्टर नसतो ना?"

नसतो, मी म्हटलं. ज्याला उतरायचंय तो खांबावरचं बटण दाबतो, ड्रायव्हरकडे बेल वाजते.

"म्हणजे प्रवाशानेच वाजवायची."

"हो."

"मी जन्मभर बेल ऐकली," बाबा म्हणाले. "वाजवली कधी नाही. मला नाही जमायचं ते."

नाही म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले तो तू ऐकायला हवा होतास. मी तो लिहून दाखवू शकत नाही.

तर आता असं आहे. शनिवारी सकाळी नदीवरून ती बस सुटते आणि साधारण अर्ध्या तासात तुझ्या बिल्डिंगसमोर येते. बाबा उजव्या खिडकीत असतील. ते हलणार नाहीत, मी त्यांना ओळखते. मी त्यांच्या शेजारी असेन आणि बटण माझ्या हाताला लागेल इतकं जवळ असेल. मी दाबलं तर बस थांबेल, आणि स्टॉपवर तू नसशील तर त्यांना उघड्या दारातून रिकामा स्टॉप बघावा लागेल, दुसऱ्यांदा. नाही दाबलं तर ते खिडकी बघून पुढे जातील, घरी येऊन आईला लाँड्रीचा रंग सांगतील, आणि परत कधी कुठे जायचं म्हणणार नाहीत.

मी तुला ये म्हणत नाहीये. रागाव म्हणाली असतीस तर मी तुझ्या बाजूने रागावलेही असते, आता जमत नाही एवढंच. पण तुला काय वाटतं ताई, मी ते बटण दाबावं का?

तुझी,
टकली